हँडबॅगची जागा

सुगीच्या आभाराच्या सोमवारी आमच्या कॅपल नॉन गावच्या चॅपलमध्ये दोन प्रार्थना असतात, एक दुपारी दोनला आणि एक संध्याकाळी सहाला. दुपारच्या प्रार्थनेला ब्लाइनकूम शेतावरची मंडळी नेहमीच्या बाकावर नेहमीच्या क्रमाने बसली होती. भिंतीशी म्हातारी नेस्टा, तिच्या शेजारी तिची काळी हँडबॅग, बॅगेच्या शेजारी तिची मुलगी मेरेरिद आणि टोकाला मेरेरिदचा नवरा एल्वेद. बॅगेची जागा येस्तिनची. मेरेरिदचा हा धाकटा भाऊ अठराव्या वर्षी लंडनला गेला, त्या रविवारी नेस्टाने त्याची जागा बॅग ठेवून धरली, ती तेवीस वर्षं धरलेलीच होती. "मी आईशेजारी नाही, आईच्या बॅगेशेजारी बसते," असं मेरेरिद एकदा एल्वेदला म्हणाली होती. तो हसला होता. ती हसली नव्हती.

दुसरं स्तोत्र सुरू असताना येस्तिन आला. उशिरा, पण ऐटीत. नेस्टाने लगेच बॅग मांडीवर घेतली, मेरेरिद आणि एल्वेदने उठून वाट दिली, येस्तिन बॅगेच्या जागी बसला आणि त्याची इंग्रज बायको फिलिपा मागच्या बाकावर बसली. चॅपलभर माना वळल्या. अकरा दिवसांपूर्वी पार्टीने त्याला उमेदवारी दिली होती. येत्या मे महिन्यात, १९९९ मध्ये, आमच्या वेल्श लोकांच्या देशाची स्वतःची असेंब्ली कार्डिफला भरणार होती आणि तिच्यात कॅपल नॉनच्या बाजूने बसायला येस्तिन निघाला होता. एकतीस मतं त्याला पडली होती. सत्तावीस मेरेरिदला.

प्रार्थनेनंतर चहाला सगळे ब्लाइनकूमवर आले. मेरेरिद स्वयंपाकघरात पाव कापत होती. आमच्याकडे अख्ख्या पावाच्या तोंडाला आधी बटर लावतात आणि मग तो कापतात, म्हणजे काप पातळ निघतो. आज काप जाडजूड निघत होते.

"सोनेरी काठाच्या बश्या काढ," नेस्टा आत येऊन म्हणाली.

"त्या ख्रिसमसच्या आहेत, आई."

"आज घरात उमेदवार आलाय."

"पार्टीसाठी राबणारी चोवीस वर्षं याच घरात होती. ती निळ्या बश्यांत खात होती."

"झालं तुझं सुरू!" नेस्टा म्हणाली आणि स्वतःच कपाटाकडे वळली. "एवढा मोठा वकील, लंडन सोडून आला गावासाठी. तुला कौतुक म्हणून नाही कधी भावाचं."

कौतुक होतं, हेच तर मेरेरिदचं दुखणं होतं. येस्तिन बोलायला लागला की तिलाही ऐकत राहावंसं वाटायचं. लहानपणी खिडकीची काच तिने फोडली तर ती फोडलेली असायची आणि त्याने फोडली तर ती फुटलेली असायची. तिला त्याचा हेवा वाटायचा, इतका की कधीकधी जेवण जायचं नाही, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षीही तो वाटतो याची तिला लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून हेवा कुठे जातो?

एल्वेद दारात बूट काढत होता. "तो आज खोकी मागणार," तो हळूच म्हणाला. "तेग्विन पोस्ट सांगत होता." तेग्विन म्हणजे पार्टीच्या शाखेचा चिटणीस.

"मागू दे."

"देणारेस?"

मेरेरिदने सुरी खाली ठेवली. समोरच्या कपाटावर, छताला टेकून, बुटांची सात खोकी ओळीने ठेवलेली होती. पहिलं खोकं चौऱ्याहत्तर सालचं. खोऱ्यातल्या प्रत्येक घराचं एक कार्ड. घरात कोण कोण, कोणती भाषा बोलतात, गेल्या वेळी काय म्हणाले, कोणाचं ऑपरेशन झालं, कुठला कुत्रा चावतो आणि कुठे पुढचं दार वाजवायचं नाही कारण ते फक्त प्रेतासाठी उघडतात. एकोणऐंशी सालच्या सार्वमतात देशाने असेंब्लीला चार विरुद्ध एक असं 'नाही' म्हटलं, तेव्हा तिने प्रत्येक 'नाही' निळ्या पेन्सिलने लिहून ठेवला होता. मग अठरा वर्षं ती त्याच दारांवर जात राहिली. गेल्या वर्षी 'हो' झालं, तेही केसभर फरकाने. पार्टीच्या कचेरीत कॉम्प्युटर होता, पण कुत्रे त्याला माहीत नव्हते.

"लग्न झाल्यावर मी विचारलं होतं," एल्वेद म्हणाला, "आपल्या पलंगाखाली काय आहे म्हणून. तू म्हणालीस, मतदारसंघ."

"मग?"

"काही नाही. माझं कार्ड कधी बघायला मिळालं नाही, एवढंच."

हे तो थट्टेने म्हणाला. पण चोवीस वर्षं बायकोच्या संध्याकाळी दुसऱ्यांच्या दारात गेल्या, हे त्याने कुठेतरी मोजून ठेवलं असावं.

चहाला सगळे बसले. येस्तिन भेटलेल्या माणसांच्या नकला करत होता, नेस्टा हसून हसून डोळे पुसत होती, मेरेरिदसुद्धा हसली. तेवढ्यात फिलिपा कोट टांगून आत आली आणि टेबलावरचं वेल्श बंद होऊन इंग्रजी सुरू झालं. कोणी ठरवलं नाही, कोणी खुणावलं नाही. आमच्याकडे हे असंच. वीस माणसं वेल्श बोलत असोत, एक इंग्रज दारातून आला की वीसच्या वीस जण वळतात, आणि त्या एका माणसाला वाटतं की ही मंडळी आपसातही असंच बोलतात. याला आम्ही रीत म्हणतो.

"ये फिलिपा, बस," नेस्टा इंग्रजीत म्हणाली. "हा मनुकांचा पाव घे. मेरेरिदने केलाय, म्हणून जरा कोरडा आहे."

आणि मग मेरेरिदकडे वळून, वेल्शमध्ये, त्याच गोड आवाजात, "बघ, जॅम कसा थापते. गवंडीच जणू."

मेरेरिद ओशाळून हसली. फिलिपा पावावर जॅम लावत राहिली.

तिच्याकडे बघताना मेरेरिदला उमेदवार निवडायची ती सभा आठवली. न आठवण्याचा प्रश्नच नव्हता, रोजच आठवत होती. चॅपलमागचा हॉल, अठ्ठावन्न सभासद, सगळे वेल्श बोलणारे. चिठ्ठीत पहिलं भाषण तिचं निघालं. हे भाषण तिने दोन आठवडे गोठ्यात पाठ केलं होतं. दूध काढताना गाईंनी ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्या शेवटच्या वाक्याला आपोआप दाराकडे वळायच्या. ती उभी राहिली, समोर बघितलं, आणि शेवटच्या रांगेत हीटरजवळ फिलिपा बसलेली दिसली. गुडघ्यांवर हात, चेहऱ्यावर शहाणं हसू. मेरेरिद म्हणाली, "आपल्यात पाहुणी आहे," आणि इंग्रजीवर वळली.

पुढे काय झालं ते तिलाच कळलं नाही. इंग्रजी तिला येतं, सगळ्यांनाच येतं. पण त्या भाषेत ती बँकेत बोलते, डॉक्टरशी बोलते. त्या भाषेत ती कधी रडली नाही की कोणावर ओरडली नाही. वाक्यं कार्डावरून वाचल्यासारखी निघाली. विनोद पडला. गोठ्यातलं शेवटचं वाक्य तिने गाळूनच टाकलं. मग येस्तिन उठला. सभा इंग्रजीत सुरू झालीच होती, ती तशीच चालली, आणि इंग्रजीत येस्तिनपुढे कोण टिकणार? तो कोर्टात वीस वर्षं त्याच भाषेवर जगला होता.

चार मतांनी. दोन माणसं इकडची तिकडे झाली असती तर बरोबरी.

"मेरेरिद," येस्तिनने कप खाली ठेवला, "मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की. सगळे आहेत."

"तू माझी एजंट हो. पूर्ण प्रचार तुझ्या हातात. आणि ती खोकी..." त्याने कपाटावर नजर टाकली. "त्यांच्याशिवाय मला हे खोरं कळायचं नाही. हे मी सगळ्यांपुढे कबूल करतो."

"फार मोठं मन तुझं."

"टोमणे नकोत. सरळ सांग."

"सरळ सांगते. नाही."

नेस्टाची बशी खणकली. "नाही म्हणजे? भाऊ आहे तो तुझा!"

आणि इथे टेबल पुन्हा वेल्शवर घसरलं. रागात रीत कोणाला सुचते?

"एकोणऐंशी साली कुठे होतास तू?" मेरेरिद म्हणाली. "मी पंचवीस वर्षांची होते. लोकांनी माझ्या तोंडावर दारं लावली. ह्याच गावातल्यांनी, आपल्याच माणसांनी. निकालाच्या दिवशी मी व्हॅनमध्ये बसून रडले आणि तुझं पोस्टकार्ड आलं. काय लिहिलं होतंस, आठवतं? 'वाईट वाटलं. इथे पाऊस आहे.'"

"मी बावीस वर्षांचा होतो!"

"मी पंचवीसची!"

"गेल्या वर्षी मी आलो नव्हतो का? तीन आठवडे लाउडस्पीकरची गाडी मी चालवली."

"तीन आठवडे! एल्वेद, ऐकलंस? तीन आठवडे गाडी चालवली याने. सुटी काढून."

"मला यात ओढू नका," एल्वेद म्हणाला आणि केक घेतला.

"तुझा त्रास काय आहे सांगू?" येस्तिनचा आवाज चढला. "तुला असेंब्ली नकोच होती. तुला ती आपल्या हाताने मिळवायची होती. मी मिळवली तर ती तुला चालत नाही. हा देशाचा प्रश्न नाही, मेरेरिद. हा आईच्या बाकावरच्या जागेचा प्रश्न आहे."

हे खरं होतं, म्हणून मेरेरिदचा चेहरा जळल्यासारखा लाल झाला.

"पुरे!" नेस्टा म्हणाली. "त्या बाईपुढे तमाशा नको. तिला कळत नाही ते एक नशीब. घरच्या गोष्टी घरच्यांनी बोलाव्यात, ती गेल्यावर बोला. चार दिवसांची पाहुणी आहे, तिला काय..."

फिलिपाने सुरी बशीच्या कडेला नीट आडवी ठेवली. दोन वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती आणि तो असा येईल असं तिला वाटलं नव्हतं. लंडनमधल्या वेल्श चॅपलच्या तळघरात दर बुधवारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ती ही भाषा शिकली होती, निवृत्त शिक्षक आणि एका बस ड्रायव्हरबरोबर. देशासाठी नाही. येस्तिन आईशी फोनवर बोलायला लागला की त्याचा चेहराच बदलायचा. तो असं काहीतरी हसायचा, जे तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्यातला हा एक माणूस तिला भेटलाच नव्हता, आणि त्या म्हातारीला तो फुकट मिळत होता. त्या हेव्यापायी फिलिपाने क्रियापदं पाठ केली.

"मी चार दिवसांची नाही," ती वेल्शमध्ये म्हणाली. उच्चार जड होते, पण वाक्य धड होतं. "आणि पाहुणी पण नाही. बटर इकडे द्या."

बटर कोणीच दिलं नाही. एल्वेदचा केक तोंडाशीच राहिला.

"कधीपासून?" मेरेरिदने विचारलं.

"बोलायला भीती वाटायची. पण कळतं... दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं," नेस्टा म्हणाली. अगदी बारीक आवाजात.

मेरेरिदने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "म्हणजे त्या सभेत तुला..."

"सगळं कळलं असतं. मी हात वर करणार होते. सांगणार होते की माझ्यासाठी वळू नका." फिलिपाने नवऱ्याकडे बघितलं नाही. "मला ते नीट सांगता आलं असतं. वाक्य जुळवून ठेवलं होतं."

"मग?"

येस्तिनचे कान लाल झाले होते. ते लहानपणापासून लाल व्हायचे आणि नेस्टाला त्याचा अर्थ ठाऊक होता.

"त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला," फिलिपा म्हणाली. "म्हणाला, राहू दे. बोलू दे तिला."

शेगडीवर किटली वाजायला लागली. एल्वेद उठला, ती बंद केली आणि परत येऊन बसला.

"मी तिला वळायला सांगितलं नव्हतं!" येस्तिन उसळला. "कोणीच सांगितलं नव्हतं! ती आपणहून वळली. चोवीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन सांगते, आपली भाषा बोला, लाजू नका, आणि पहिली संधी आली तेव्हा एक इंग्रज बाई बघून स्वतःच वळली. तो माझा दोष?"

"नाही," मेरेरिद म्हणाली. "तो माझाच दोष. त्यासाठी रोज स्वतःला चार शिव्या देते. पण गुडघ्यावर हात तुझा होता."

"मी हरलो असतो." तो एकदम खाली आवाजात बोलला. "वेल्शमध्ये माझं काय आहे? पोरासारखं बोलतो मी. अठराव्या वर्षी जिथे सोडलं तिथेच आहे माझं वेल्श. कायदा, बजेट, रस्ते, शाळा, एकाही गोष्टीवर मला नीट बोलता येत नाही. तुला येतं. तुझ्या बोलण्याचा मला..." तो थांबला. "जाऊ दे."

"हेवा वाटतो," मेरेरिदने वाक्य पुरं केलं. "म्हण की. आपल्या घरात त्या शब्दाला कोण बुजतंय?"

नेस्टाचं मात्र या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती दोन वर्षं मागे गेली होती आणि एकेक चहा, एकेक रविवार, एकेक ख्रिसमस धुंडाळत होती. फिलिपाच्या हातचा केक, त्याला ती काय म्हणाली होती? मूल झालं नाही त्याबद्दल, ते कधी? आणि गेल्या ख्रिसमसला, बदक कापताना...

"घोड्याचं," ती न राहवून बोलली, "ते घोड्याचं तू ऐकलंस?"

"माझं तोंड घोड्यासारखं आहे, ते?" फिलिपा म्हणाली. "हो. मला घोडे आवडतात."

नेस्टाने मुलाकडे बघितलं. "आणि तू तिथे बसला होतास. मला गप्प करावं, हे नाही सुचलं तुला?"

"आई, मला वाटलं, योग्य वेळी सांगू..."

"दोन वर्षं मला तिच्यापुढे उघडं पाडलंस," नेस्टा म्हणाली. "स्वतःच्या आईला."

मेरेरिद उठली. स्टुलावर चढून तिने पहिलं खोकं खाली काढलं आणि सोनेरी काठाच्या बश्यांच्या मध्ये ठेवलं.

"खोकी मिळतील," ती म्हणाली. "पण तुला नाही, उमेदवाराला. आज सहाच्या प्रार्थनेआधी तू तेग्विन पोस्टला सांगायचंस की काय झालं. शुक्रवारी पुन्हा सभा. दोघांची भाषणं, दोन्ही वेल्शमध्ये. तू जिंकलास तर सातही खोकी मी स्वतः तुझ्या गाडीत ठेवीन आणि पहिल्या दारावर तुझ्याबरोबर येईन. तिथला कुत्रा चावरा असला तरी."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर हे कार्ड बघ." तिने वरचंच उचललं. "माझ्या अक्षरात, माझ्या खुणांत. तुला वाचताही येणार नाही."

येस्तिनने खोक्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

सहाला दहा कमी असताना चॅपलच्या दारात तेग्विन पोस्ट स्तोत्रांची पुस्तकं वाटत होता. तो पोस्टातून निवृत्त झाला होता, तरी नाव सुटलं नव्हतं. फिलिपा समोर आली तसा तो सवयीने इंग्रजीत म्हणाला, "या, या, थंडी वाढलीय नाही?"

"थंडी वाढलीय, पण तुमचं चॅपल उबदार आहे," फिलिपा वेल्शमध्ये म्हणाली.

तेग्विनच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. "अहो, छान, छान बोलता की!" तो म्हणाला, आणि घाबरून हेही इंग्रजीतच म्हणाला. मग दारात गर्दी झाली. बाया फिलिपाचा हात धरायला लागल्या. किती गोड बोलते! कुठे शिकलीस? आमच्या पोरांना येत नाही एवढं! कोणीतरी डोळ्यांना रुमाल लावला.

मेरेरिद मागे उभी होती. चव्वेचाळीस वर्षं ती हीच भाषा बोलत आली होती. याच भाषेत तिने त्यांच्या मयतांना शब्द लिहून दिले होते, त्यांचे अर्ज भरले होते, त्यांच्या दारात भिजत उभी राहून ती भांडली होती. एका माणसाने आजवर म्हटलं नव्हतं की मेरेरिद, छान बोलतेस. आणि ही थंडीवर एक वाक्य बोलली तर रुमाल निघाले. फिलिपाचा काही दोष नव्हता हे कळत होतं, तरी तिला त्या क्षणी तिचे केस ओढावेसे वाटले.

"येस्तिन!" तेग्विन हसत म्हणाला, आता वेल्शमध्ये. "बायको अशी म्हणजे तुझी पाचशे मतं वाढली बघ!"

येस्तिन हसला. तोंड उघडलं, मिटलं. आणखी एका बाईने त्याचा हात हलवला, तोही त्याने हलवू दिला. मेरेरिदला कळलं की तो सांगणार नाही. सांगायचं मनात असेल, पण इतकं कौतुक चाललेलं असताना त्याला ते आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"तेग्विन पोस्ट," नेस्टा म्हणाली. आवाज तिने मुद्दामच चढवला होता. "त्या सभेत ही होती ना?"

"होती की."

"तिच्यासाठी तुम्ही सगळे इंग्रजी फाडत बसलात. तिला वेल्श येत होतं. आणि माझ्या मुलाला ते ठाऊक होतं. तो गप्प बसला. त्याला गप्प बसायची फार सवय आहे, हे मला आज कळलं."

दारातलं हसू एकेका चेहऱ्यावरून उतरलं.

"येस्तिन?" तेग्विनने विचारलं.

येस्तिनने टोपी हातात घेतली. "खरं आहे, तेग्विन. मला ठाऊक होतं. शुक्रवारी... शुक्रवारी पुन्हा मतं घ्या. दोघांनाही वेल्शमध्ये बोलू द्या." शब्द अडखळत आले, पोरासारखेच. पण आले.

आईने हे आपल्यासाठी केलं नाही, हे मेरेरिदला पक्कं ठाऊक होतं. आईने ते एका घोड्यासाठी केलं होतं. तरी तिने पुस्तक घेताना तेग्विनकडे बघायचं टाळलं.

आत ऑर्गन सुरू झाला होता. भोपळे, सफरचंदं आणि कोबीचे गड्डे खिडक्यांत मांडलेले होते. नेस्टा पुढे गेली, भिंतीशी बसली आणि हाताच्या सवयीने बॅग शेजारी ठेवली. येस्तिन बाकाशी आला. बॅग हलली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, मग मागच्या बाकावर जाऊन बसला. हे अख्ख्या चॅपलने बघितलं.

मग नेस्टाने बॅग उचलली. मांडीवर घेतली, मोकळ्या जागेवर हाताने थोपटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वेल्शमध्ये म्हणाली, "ये फिलिपा. इथे बस."

फिलिपाने मेरेरिदकडे बघितलं. बाकाच्या तोंडाशी दोघी समोरासमोर होत्या. पाहुणीला वाट द्यावी तसं मेरेरिदचं पाऊल अर्धं मागे सरकलंही होतं. कोणी सांगितलं नव्हतं. ते आपणहूनच सरकलं होतं.

तिने पायाकडे बघितलं आणि पाऊल परत पुढे टाकलं.

"नाही," ती म्हणाली. गोठ्यात बोलायची त्या आवाजात, अख्ख्या चॅपलला ऐकू जाईल असं. "ती माझी जागा आहे. फिलिपा, तू माझ्या या बाजूला बस."

ती आत शिरली आणि आईशेजारी बसली. दांडगाईने, कोट सावरायला न थांबता. नेस्टा दचकून भिंतीकडे सरकली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मेरेरिदला आईच्या रविवारच्या कोटाचा डांबरगोळ्यांचा वास आला.

"लोक बघतायत," नेस्टा पुटपुटली.

"बघू देत," मेरेरिद म्हणाली, आणि आईच्या मांडीवरची बॅग उचलून बाकाखाली ठेवून दिली.